टिप्याचं दावं आणि टिटवीची अंडी

इंजिनिअरिंगच्या पोराला पहाट दोनच कारणांनी माहीत असते. एक तर सबमिशनची रात्र उलटून गेलेली असते, नाहीतर घरी जाणारी पहिली एसटी पकडायची असते. मला तिसरं कारण मिळालं ते टिप्यामुळे. टिप्यामुळेच एका टिटवीशी ओळख झाली, आणि तिचं नुकसानही बहुधा माझ्याच हातून झालं. ते कसं झालं, आणि कुत्रा बरोबर घेऊन पक्षी बघायचे असतील तर काय समजून घ्यायला हवं, हे सांगण्यासाठी हा लेख. (संपादक मंडळाने "कविता फार झाल्यात, काहीतरी माहितीपर दे" असं बजावल्यामुळे थोडी आकडेमोडही येईल. घाबरू नका, व्हायवा नाही.)

माझं गाव केज, जिल्हा बीड. बालाघाटच्या पठारावरचं तालुक्याचं ठिकाण. मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण आमच्याच तालुक्यात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा कोरडं पडलेलं धरण ते हेच. पुण्यामुंबईकडे लोक सकाळी कुत्र्याला घेऊन बागेत जातात, तिथे बाकडी असतात, फुलझाडांच्या पाट्या असतात. आमच्या घराजवळ बाग म्हणाल तर गावाला लागून असलेलं गायरान. बोरी-बाभळी, तरवड, कुसळी गवत, मधे एक लिंबाचं मोठं झाड, आणि एका कडेने प्लॉटिंगचे पांढरे दगड. दरवर्षी दगड दोन पावलं पुढे सरकतात की काय अशी मला शंका आहे, पण तो विषय वेगळा.

टिप्या म्हणजे आमचा कुत्रा. हॉस्टेलवर त्याचा फोटो दाखवला की हमखास विचारतात, "ब्रीड कुठली?" मी सांगतो, "मराठवाडा." शेजारचं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं आणि त्यांचं पिल्लू आमच्या ओट्यावर राहिलं. ते लोक उन्हाळ्यात परत आले तोपर्यंत आमच्या आजीने त्याला भाकरी-दुधाची अशी सवय लावली होती की ते परत जायला तयार होईना. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिप्या.

हा टिप्या कोंबड्यांमागे लागायचा. दोन कोंबड्यांची भरपाई दिल्यावर वडिलांनी गोठ्यातलं एक जुनं दावं त्याच्या पट्ट्याला बांधलं आणि माझ्या हातात दिलं. सुट्टीत घरी असलो की सकाळी फिरवून आणायचं काम माझ्याकडे. केजमध्ये गावठी कुत्र्याला दाव्याला धरून फिरवणारा माणूस म्हणजे फुकटची करमणूक. चहाच्या टपरीवरून रोज एकच प्रश्न यायचा, "काय रं, कुत्र्याला फिरवायला न्यायलास? त्याला पाय नाहीत व्हय?"

पण गंमत अशी की या दाव्यानेच मला पक्षी दाखवले. मोकळा माणूस सरळ चालत सुटतो. दाव्याला कुत्रा असलेला माणूस दर दहा पावलांवर थांबतो, कारण कुत्र्याला काहीतरी हुंगायचं असतं. आता थांबल्यावर करायचं काय? मोबाईलला गायरानात रेंज नाही. मग मान वर जाते. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले असतात, एखादा सुळकन उडतो, हवेतच माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. कोतवाल म्हशीच्या पाठीवरून फिरत असतो. बाभळीवर खाटीक असतो, तो तर पकडलेला नाकतोडा चक्क काट्याला टोचून ठेवतो. सातभाई बोरीखाली कलकलाट करत असतात. आणि निळ्या पंखांचा नीलकंठ, ज्याला आजी 'तास' म्हणते, तो दिसला की दिवस चांगला जातो अशी तिची खात्री. दसऱ्याला दिसला तर विचारूच नका.

नावांचा घोटाळा मात्र बरेच दिवस चालला. आजीचं नाव एक, पुस्तकातलं दुसरं. जोंधळ्यावर येणाऱ्या भोरड्या पुस्तकात पळस मैना होऊन बसलेल्या. पक्ष्यांची ही गावोगावची नावं धुंडाळून त्यांचा 'पक्षिकोश' करणारे मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, नोकरी वनखात्यातली. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आपल्याकडे नेमक्या तेव्हा परीक्षा असतात!

आता थोडं दुर्बिणीबद्दल, कारण इथे आपला अभ्यासक्रम कामी येतो. मित्राने सांगितलं, "घ्यायचीच तर १०×५० घे, जास्त झूम." मी सेकंडहँड ८×४२ घेतली आणि ती बरोबर ठरली. यातला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ५० भागिले १० म्हणजे ५ मिमी, ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी. म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात दोन्ही जवळजवळ सारख्याच. पण पट वाढली की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, आणि माझा एक हात कायम टिप्याच्या ताब्यात. एका हाताने धरलेली वजनदार १०×५० म्हणजे पक्षी दिसण्याऐवजी भूकंप दिसतो. दावं कमरेला बांधून बघा, असा सल्ला मी एकदा अमलात आणला. टिप्याला खार दिसली आणि मला आकाश.

टिप्याचे कान हे माझं दुसरं यंत्र. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, माणसाची मजल २० हजारांपर्यंत. पण पक्ष्यांचे बहुतेक आवाज आठ-दहा हजारांच्या आतले असतात, ते आपल्यालाही ऐकू येतात. त्यामुळे इथे फायदा जास्तीच्या हर्ट्झचा नाही. फायदा असा की कुत्र्याचे कान फिरतात. गवतात तित्तिर पाय उचलत चालला असेल तर मला काही कळायच्या आत टिप्याचे दोन्ही कान तिकडे वळलेले असतात. मी फक्त त्या रेषेत दुर्बीण धरायची. रडारला पगार नाही, एक भाकरी.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता टिटवीचं सांगतो.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मे महिन्याच्या सुरुवातीला मी घरी आलो. गायरानात लिंबापासून तीस-चाळीस पावलांवर खडकाळ जागा आहे, तिथून जाताना एक टिटवी अंगावर आली. टिटवी सगळ्यांनी पाहिलेली असते. पिवळे लांब पाय, डोकं आणि छाती काळी, पाठ तपकिरी, चोचीपासून डोळ्यापर्यंत लाल कातडीचा तुकडा. तिचं ओरडणं अशुभ मानतात, आणि ती आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते असंही म्हणतात. इंग्रजांना तिच्या ओरडण्यात "डिड ही डू इट?" ऐकू आलं. म्हणजे "त्यानं केलं का?"

ती टिप्याच्या डोक्यावरून झेपा घेऊ लागली तेव्हा मी ओळखलं की जवळपास अंडी असणार. आणि होतीच. घरटं कसलं, जमिनीतला एक उथळ खळगा, कडेला खडे आणि शेळीच्या लेंड्या. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. नजर हटली की पुन्हा सापडत नाहीत अशी. मला एवढा आनंद झाला की काही विचारू नका. टिप्याचं दावं आखूड धरलं, अंड्यांना हात लावला नाही, फोटोही लांबून काढला. मग शहाण्या पक्षीनिरीक्षकासारखा लिंबाखाली जाऊन बसलो. टिप्या पायाशी, दुर्बीण डोळ्याला. साडेआठ वाजले, नऊ वाजून गेले. टिटवी ओरडत होती, घिरट्या घालत होती, मधेच खाली उतरून पंख पाडून लंगडल्यासारखं करत होती. शत्रूला फसवून लांब न्यायची ही तिची युक्ती. ती मी वहीत लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी शेळ्या घेऊन जाणारे एक म्हातारे बाबा थांबले. त्यांच्या मागे त्यांचंही एक कुत्रं होतं, पण ते न थांबता शेळ्यांबरोबर पुढे निघून गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, वर टिटवीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पोरा, किती येळ बसायलास? तू सावलीला बसलास अन् ती उन्हात बोंबलायलीय. तिची अंडी उकडतील की."

मला वाटलं, असेल काहीतरी जुन्या लोकांची समजूत. आजी नाही का विचारत, "टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातल्यात का खोलात?" म्हणजे उंचावर घातली तर पाऊस जास्त. (माझ्या टिटवीने उंचवट्यावरच घातली होती. त्यावरून पेरणी ठरवू नका.) पण बाबांचं म्हणणं समजुतीतलं नव्हतं. ते शुद्ध थर्मोडायनॅमिक्स होतं, आणि त्या विषयात मी पास होतो याची मला लाज वाटली.

हे गणित असं आहे. पक्ष्याच्या अंड्यातला गर्भ साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सिअसला वाढतो. तापमान थोडं खाली गेलं तर वाढ मंदावते, गर्भ बराच वेळ तग धरतो. पण वरच्या बाजूला जागाच नाही. चाळिशी ओलांडून तापमान काही वेळ टिकलं की गर्भ मरू लागतो. आता मे महिन्यात मराठवाड्यात हवाच चाळिशी गाठते. उघडी खडकाळ जमीन उन्हात पन्नाशीच्याही वर जाते. म्हणजे आपण समजतो तसं टिटवी उन्हाळ्यात अंडी 'उबवत' नसते, ती अंडी थंड ठेवत असते. अंड्यांवर उभी राहून सावली धरते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा, आपल्या कूलरचंच तत्त्व. नर-मादी आळीपाळीने हे करतात. अंडी फुटायला २८ ते ३० दिवस लागतात, आणि तेवढे सगळे दिवस ही ड्युटी.

यात मी काय केलं, तर कूलर बंद करून समोर सावलीत बसलो. तोही ऊन चढायच्या वेळेला, रोज तासभर.

टिप्याने अंड्याला तोंड लावलं नाही. मी हात लावला नाही. दावं सुटलं नाही. तरीही. हे मला आधी कळलंच नव्हतं. मी समजत होतो की कुत्रा बांधलेला असला म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही. मी दुसऱ्या दिवसापासून ती वाट सोडली. वीस-बावीस दिवसांनी लांबून पाहिलं तर टिटवी तिथे नव्हती. जवळ गेलो. चार अंडी तशीच पडलेली, थंड, एकाला मुंग्या लागलेल्या. पिल्लं बाहेर आली असती तर कवचं रिकामी असती. ती माझ्यामुळे गेली की आणखी कशामुळे, हे मी सिद्ध करू शकत नाही. अंडी तशीही फसतात. पण ते "डिड ही डू इट" नंतर कित्येक दिवस कानात होतं.

मग मी वाचायला लागलो. पक्षी कुत्र्याला माणसापेक्षा जास्त का घाबरतात? विचार केला तर उत्तर आपल्याच माळावर आहे. दख्खनच्या माळरानावर लांडगा, कोल्हा आणि खोकड ही श्वानकुळातलीच मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरची अंडी-पिल्लं शोधत हिंडत आली आहेत. टिटवी, तित्तिर, लावा, चंडोल, धाविक हे सगळे जमिनीवरच घरटी करणारे. चार पायांचं, नाक जमिनीला लावून नागमोडी चालणारं जनावर दिसलं की त्यांच्या लेखी तो लांडगाच. तो टिप्या आहे आणि भाकरी खातो, हे टिटवीला कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानवाटांवर बँक्स आणि ब्रायंट या दोघांनी हे मोजलं. त्यांचं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. काही वाटांवर दावं लावलेला कुत्रा घेऊन माणूस चालवला, काही वाटांवर नुसता माणूस, काही वाटांवर कोणीच नाही. मग पक्षी मोजले. कुत्रा गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी भरले. नुसत्या माणसाचा परिणाम याच्या निम्म्यापेक्षाही कमी. सगळ्यात जास्त फटका जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांना. आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे, जिथे लोक रोज कुत्री फिरवतात तिथेही पक्ष्यांना सवय झालेली नव्हती. "आमच्या बागेतले पक्षी कुत्र्यांना सरावलेत" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे झालं बांधलेल्या कुत्र्याचं. मोकाट कुत्र्यांचं प्रकरण आपल्या देशात फारच मोठं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात (होम, भटनागर आणि वनक) देशभरातून माहिती गोळा केली, तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्राण्यांच्या ८० जाती निघाल्या, त्यातल्या ३१ धोक्यात आलेल्यांच्या यादीतल्या. माळढोक हा आपल्या सोलापूरकडच्या नान्नजचा पक्षी, त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. तोही जमिनीवरच अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. एकच अंडं आणि चहूबाजूंनी कुत्री, पुढचं तुम्हीच समजा.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण मला माहीत नव्हतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं हेही धरलं आहे. म्हणजे "बिचारीची अंडी वाटेत आहेत, जरा बाजूला ठेवतो" हा दयाळूपणाही त्यात बसू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक छोटा प्रयोग केला. टिटव्यांची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट, त्यामुळे तेव्हा अंडी नव्हती आणि कुणाचं नुकसान होणार नव्हतं. गायरानातल्या ठरावीक जागी, ठरावीक वेळी, सरळ रेषेत पक्ष्याकडे चालत जायचं आणि तो किती पावलांवर उडतो ते लिहायचं. एक दिवस मी एकटा, एक दिवस टिप्यासोबत. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलंच आहे. फारच घरगुती प्रयोग होता, त्यामुळे आकड्यांना जर्नलमधली किंमत देऊ नका. तारेवरच्या वेड्या राघूला टिप्याचं काहीच वाटलं नाही. तो वर आहे, टिप्या खाली आहे. चंडोल आणि टिटवी यांनी मात्र स्पष्ट फरक दाखवला. मी एकटा असताना टिटवी साधारण तीस पावलांवर उडायची, टिप्या असला की पन्नाशीच्या आसपासच. मी आणि टिप्या सरळ तिच्याकडे न जाता बाजूने, न थांबता निघून गेलो तर बऱ्याचदा उडायचीच नाही, नुसती मान उंच करून बघायची. बाबांचं कुत्रं का चाललं आणि माझं का नाही, त्याचं उत्तर हेच. ते जात होतं. आम्ही बसलो होतो.

मधल्या सुट्टीतला एक प्रकार मात्र याच्या अगदी उलट. चुलत्याच्या रानात जोंधळा हुरड्यात आलेला. आमच्या भागात आता सोयाबीन-कापसाचंच राज्य, जोंधळा थोडा, त्यामुळे असतील नसतील तेवढ्या भोरड्या तिथेच उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, हजारोंचा थवा धुरासारखा वळतो. हे पाहुणे मध्य आशिया आणि त्याच्याही पलीकडून येतात, तिकडे नाकतोडे आणि टोळ खाऊन पिल्लं वाढवतात आणि इकडे येऊन आमचं कणीस सोलतात. चुलता माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होता. मला दुर्बीण घेऊन आलेला बघून म्हणाला, "बघत काय बसलास, सोड की त्या कुत्र्याला!" टिप्याला आयुष्यात पहिल्यांदाच पक्ष्यांमागे पळायची परवानगी मिळाली. तो इतका पळाला, इतका पळाला की संध्याकाळी आजीने त्याचे पाय चेपले. चुलत्याने त्याला हुरडा खाऊ घातला. चार महिन्यांपूर्वी ज्या गोष्टीसाठी मी त्याला आवरत होतो, त्याच गोष्टीसाठी त्याचा सत्कार झाला. बरोबर काय नि चूक काय, हे जागेवर आणि महिन्यावर अवलंबून असतं, हे टिप्याला कसं समजावायचं ते मला अजून जमलेलं नाही.

शहरातल्या बागेत कुत्रा नेणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातून एवढंच. दावं सहा फुटांपेक्षा लांब नको. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, कारण वाटेवरच्या माणसाचा पक्षी अंदाज बांधू शकतो, झुडपातल्या कुत्र्याचा नाही. पक्षी बघत थांबायचं असेल तर झाडावरच्या पक्ष्यासाठी खुशाल थांबा, जमिनीवरच्यासाठी नको. टिटवी अंगावर येत असेल, पंख पाडून लंगडत असेल, तर ते बघण्यासारखं आहेच, पण चालता चालता बघायचं. आणि मार्चपासून पावसाळा निम्मा होईपर्यंत ऊन चढायच्या आत घरी. कुत्र्याच्या पायालाही तेच बरं, डांबरी रस्ता काय तापतो ते अनवाणी चालून बघा.

आपल्या कॅम्पसलाही हे लागू आहे. वर्कशॉपच्या मागे खडी टाकली आहे तिथे टिटवीची जोडी असते, हे किती जणांनी पाहिलंय? टिटवी सपाट गच्चीवरही अंडी घालते, तेव्हा गच्चीवर अभ्यासाला जाणाऱ्यांनी खाली बघून चालावं. मेसच्या कुत्र्यांना खरकटं तिकडे नेऊन टाकू नये, एवढी विनंती. दर फेब्रुवारीत देशभरातल्या कॉलेजांमध्ये कॅम्पसवरचे पक्षी मोजायचा उपक्रम असतो. पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसले ते पक्षी 'ई-बर्ड'वर नोंदवायचे. कॉम्प्युटरवाल्यांनी 'मर्लिन' हे अॅप जरूर बघावं. ते आवाज ऐकून पक्षी सांगतं, पण खरं तर ऐकत नाही, बघतं. आवाजाचं वेळ आणि वारंवारता असं चित्र काढतं आणि ते चित्र ओळखतं. टिप्या भुंकला तेव्हा त्याने काहीच सांगितलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

यंदाच्या मे महिन्यात टिटवीने पुन्हा तिथेच अंडी घातली. जोडी तीच की दुसरी, सांगता येत नाही. खळगा जुन्या जागेपासून दहा-बारा पावलांवर, प्लॉटिंगच्या एका दगडाच्या आडोशाला. या वेळी चारच्या जागी तीन अंडी. मी एकदाच, लांबून, दुर्बिणीने मोजली. मग रोज सहाच्या आत आम्ही दोघं बाजूच्या पायवाटेने न थांबता जायचो. पहिले चार-पाच दिवस टिप्या तिकडे ओढायचा. नंतर त्यालाही कळलं की इथे भाकरी नाही. टिटवी मान वर करायची, एखादी हाक द्यायची आणि पुन्हा बसायची. एकदा तिला ओल्या पोटाने परत येताना पाहिलं, पिसांतून थेंब गळत होते. ते बघायला थांबावंसं फार वाटलं. चालत राहिलो. टपरीवाल्यांना आता नवीन प्रश्न मिळाला होता, "काय रं, आज लई घाईत?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा एक पाऊस होऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी नेहमीच्या जागी नव्हती, लिंबाच्या अलीकडे होती आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती. खळगा रिकामा, कवचाचा एखादा तुकडा. टिटवीची पिल्लं बाहेर आल्यावर काही तासांतच पळायला लागतात, आणि आई ओरडली की असतील तिथे जमिनीला चिकटून बसतात, मग ती दिसणं अशक्य. मी दुर्बिणीतून एकेक खडा तपासला. काही नाही. मग टिप्याकडे पाहिलं. तो दाव्याच्या टोकाला गप्प उभा होता आणि त्याचे दोन्ही कान एका तरवडाच्या बुंध्याकडे लागले होते. त्या रेषेत दुर्बीण धरली. एक खडा श्वास घेत होता.

मी दावं आखूड केलं आणि आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो.